आवाज आला तरच बोट वर

त्या दिशी सरकारी दवाखान्यात कानाच्या खोलीत आमी पाच जण व्हतो. मशीनवाल्या मॅडम, कानाचे डॉक्टर, त्यान्ला आमी साहेब म्हणायचो, पाटोद्याकडच्या खेड्यातली रोहिणी, तिची माय कौसाबाई आन मी सोजरबाई, तिथली मावशी. मॅडम मशीन बंद करून म्हणल्या, "साहेब, या मुलीच्या टेस्टवर मी सही करू शकत नाही. काही मेळच बसत नाहीये."

मी चौथी शिकलेली. मपलं काम म्हंजी खोली झाडायची, लाइनीतलं माणूस आत न्यायचं, कानाला हेडफोन लावायचा आन सांगायचं, आवाज आला तरच बोट वर करा. आत एक बंद खोली असती, तिला बूथ म्हणत्यात. एक काचंची खिडकी, बाकी भाईरचं कायबी ऐकू येत न्हाई. मॅडम भाईरून मशीनीतून आवाज सोडत्यात. कधी बारीक, कधी मोठा. केवढ्या आवाजाला बोट वर झालं, त्यावरून कान किती गेलाय ते कळतं. चाळीस टक्के न्हाईतर त्याच्या वर गेला तर अपंगाचं सर्टिफिकेट. त्याच्या खाली असंल तर घरी जा.

रोहिणी बीएस्सीला व्हती. तोंडी परीक्षेत नापास झालती. परीक्षा घेणारे सर खाली मान घालून, कागदात बघत इचारायचे. हिला व्हट दिसंनात. हिनं नुसती मान हलवली. कॉलेजवाले म्हणले, सर्टिफिकेट आण, मंग प्रश्न लिहून देऊ, म्होरल्या बाकावर बसवू. फेरपरीक्षा तोंडावर आलती. त्यात गेली तर वरीस वाया. आन वरीस वाया गेलं की बापानं शिक्षण बंद करायचं ठरवलंवतं.

आता पोरगी बूथमधी काय करीत व्हती? मॅडमनी आवाज सोडला की बोट वर. न्हाई सोडला तरी बोट वर. थोडा येळ गेला की हिला वाटायचं, आता आला असंल, केलं वर.

मॅडम हसल्या बी आन वैतागल्या बी. "सर्टिफिकेटसाठी बहिरेपणाचं सोंग करणारे खूप बघितले. ऐकू येण्याचं सोंग करणारी ही पहिलीच!"

साहेबांनी मायला इचारलं, "हिला ऐकू येतं का?"

"येतंय की साहेब," कौसाबाई फाटदिशी म्हणली. "जरा ध्यान नसतंय तिचं."

"मंग सर्टिफिकेट कावून पायजे?" मी म्हणलं.

"ते कॉलेजवाले मागत्यात म्हणून."

रोहिणी मायच्या व्हटाकडं बघत व्हती. समदं तिला कळत व्हतं.

साहेब म्हणले, "बाहेर बसा. बाकीचे पेशंट होऊ द्या, मग बघू."

दोघी व्हरांड्यात बसल्या. थोड्या येळानं रोहिणी पाणी प्यायला नळावर गेली. तेवढ्यात मी दारातून आवाज दिला, "कौसाबाई, पोरीला बोलवा, नंबर आला." साहेब माझ्या मागंच उभे व्हते.

कौसाबाईनं हाक न्हाई मारली. बाजूच्या कुंडीतला एक खडा उचलला आन नेम धरून पोरीच्या पायापशी टाकला. रोहिणी लगीच वळली आन निघून आली. दोघींच्या बी मनात कायबी न्हाई. रोजचंच असल्यावानी.

साहेब म्हणले, "बाई, खडा का मारला? हाक मारायची ना."

"हाक मारून काय उपेग..." म्हणली आन तिथंच थांबली.

मंग हळूहळू सांगाया लागली. रानात ढेकूळ टाकायचं. घरात जिमिनीवर पाय आपटायचा. लहान भाऊ बी तसंच करतो. कुणी कुणाला शिकवलं न्हाई. पाव्हणे आले की मायच तिच्या म्होरं बसती, म्हंजी व्हट दिसत्यात.

मी तिला बाजूला घेतलं.

"सोजरबाई, कागदावर बहिरी लिवलं तर हिला कोण करून घेईल? तुला पोरी न्हाईत वाटतं!"

"दोन हाईत. कान चांगले हाईत, तरी माझं एक ऐकत न्हाईत."

हसू आलं तिला, पर डोळे भरले व्हते.

"न्हाई लिवलं तर ऐकाया येणार हाय का तिला?" मी म्हणलं. "लगीन झाल्यावर सासरी खडे मारत हिंडशील का?"

तवर रोहिणीच म्होरं आली. तिनं आमचं बोलणं बघितलंवतं. म्हणली, "आई, मला नुसती मान हलवायचा लई कटाळा आलाय." मंग माझ्याकडं वळली. "मावशी, आवाज आला तरच ना?"

"आला तरच. न्हाई आला तर बोट आपल्या जागी."

"सवय हाय, आपसूक उठतंय."

आत जाऊन बसली आन हात मांडीखाली दाबून ठिवला. खरंच. हातावर बसली पोरगी.

मॅडम आवाज वाढवत गेल्या. हात हालंना. अजून वाढवला. हेडफोनात कायतरी चाललंय ते आमाला भाईर बी जरासं कळाया लागलं, तवा कुठं तिनं हात काढून बोट वर केलं. कौसाबाई काचंला नाक लावून उभी व्हती. पदर तोंडात धरलावता. म्हणली, "एवढं गेलंय व्हय?"

या बारीला मेळ बसला. तरी साहेबांनी मोठ्या गावाला अजून एक टेस्ट कराया लावली. त्यात डोक्याला वायरी चिकटवत्यात, बोटाचं काम न्हाई. ती बी जुळली. चाळीसच्या बरीच वर निघाली. सर्टिफिकेट झालं, ते घिऊन पोरगी एकटी कॉलेजात गेली. सरांनी प्रश्न लिहून दिले. पास झाली. कानातलं मशीन बी मिळालं, पर त्यानं म्हणावं तेवढं ऐकाया न्हाई आलं.

मंग एकदा कौसाबाई मशीन दुरुस्तीला घिऊन आलती. म्हणली, "आता खडा टाकला की तणतणती. म्हणती, म्होरं येऊन बोल."

मी रिटायर झाले. पर एक सांगते. आमच्या लाइनीत मायबाप लेकराला पढवत बसायचे, नीट कर, चुकू नको. ती काय शाळंची परीक्षा न्हाई. तिथं जे येत न्हाई तेच दाखवावं लागतं. तुमच्या घरी असं लेकरू असंल तर त्याला येळेवर घिऊन जा, आन दाराशी पोचल्यावर तुमी गप बसा. एवढं करा.