उपाशी पाणी

माझा भाऊ इसरू म्हणजे स्वच्छतेचं येड लागलेला माणूस. माजरीच्या कोळसा खाणीत चौतीस वर्षं पंप खलाशी होता. खाणीत पाणी झिरपून साचते, ते उपसून बाहेर फेकाचं, हेच त्याचं काम. ड्युटीवरून काळा ठिक्कर होऊन घरी ये अन् आत पाय टाकाच्या आधी अंगणातल्या नळाखाली बसून विटेच्या तुकड्यानं टाचा घासे. चहा मांगाच्या आधी खाट झटके. कमळा वैनी मले म्हणे, "कुंताबाई, तुमचा भाऊ एक दिवस मलेई धुऊन दोरीवर वाळत घालते, पाहा." अन् स्वतःच खो खो हसे. असं हसणं मी मंग कुठी ऐकलं नाई.

वैनीले जाऊन तीन वर्षं झाली. पोरंबाळं नाई झाली त्यायले. रिटायर व्हाच्या बऱ्याच आधी दोघांनी भद्रावतीत दोन खोल्यांचं घर बांधलं, तिथीच आता भाऊ एकटा राह्यते. मी दोन गल्ल्या पलीकडे, माझ्या पोरीसंग. उर्वशी नाव तिचं, लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. मी अंगणवाडीतून सुटली की रोज भावाकडे जाते अन् रोज भांडून येते. "जेवला का?" म्हणलं की "जेवलो" म्हणते. भाताच्या गंजाचं झाकण उघडून पाहावं तं गंज कोरडा. खोटारडा कुठला!

त्या घराच्या समोरच्या खोलीत काचेची चार फुटाची टाकी आहे. समुद्राच्या पाण्याची. हसू नका. समुद्र कुठी अन् भद्रावती कुठी, हे मलेई समजते. झालं असं की रिटायर व्हाच्या दोन वर्षं आधी दोघं विशाखापट्टणमले गेलते. तिथी एका मत्स्यालयात वैनीनं नारंगी मासोळ्या पाह्यल्या अन् दगडावर उघडमीट करणारी जांभळी फुलं पाह्यली. आमी धिवर. जन्म गेला मासोळीत, पण वैनगंगेच्या मासोळीचा रंग म्हणजे एक तं चिखलाचा, नाईतं चांदीचा. वैनी तिथून हलेचना. गाडीचा टाइम झाला, भाऊ हाका मारून राह्यला, अन् हे बाई काचेले नाक लावून उभी. घरी आल्यावरही दोन महिने तेच पुराण. शेवटी भाऊनं नागपुरातल्या भूपेशच्या दुकानातून टाकी आणली, समुद्री मिठाची बकेट आणली, मशीनच्या गाळलेल्या पाण्यात मीठ मोजून कालवलं अन् आमच्या भद्रावतीत समुद्र केला.

काय दिवस होते ते! उन्हाळ्यात पारा सेहेचाळिसावर गेला की वैनी फ्रिजमधल्या बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडे, तासातासाले बदले, अन् स्वतः मातर ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसे. शेजारच्या बाया म्हणत, "खाता तं येत नाई, मंग मासोळ्या पोसता कायले?" वैनी म्हणे, "तुमी नवरा पोसता, तो खाता येते का?"

त्या टाकीत एक दगड आहे, वाटीएवढा. भूपेशनं बटणाएवढी सात फुलं देल्ली होती, ती वैनीनं स्वतःच्या हातानं गोंदानं त्या दगडावर चिकटवली. जांभळी, मधात हिरवा ठिपका. भाऊ रागवे, "फूल नोहोय ते, जनावर होय." जनावर तं जनावर. चार वर्षांत साताचे चाळीस झाले, दगड दिसेनासा झाला. वैनी दवाखान्यातून फोन करे तं पहिलं विचारे, "फुलं उघडली का?" किडनीचा आजार. दीड वर्ष चालला. ती गेल्यावर भाऊच्या घरी तिच्या हातचं म्हणाल तं तो दगडच राह्यला. लुगडी वाटून टाकली, भांडी काय, भांडी असतात.

यंदा त्या टाकीत तपकिरी साय धराले लागली. सकाळी कमी दिसे, लाइट लागला की दुपारपर्यंत दगडावर, रेतीवर, सगळीकडे शेंबडासारखे ताणे, अन् त्यायच्या टोकाले हवेचे बुडबुडे. भाऊनं भूपेशले फोन केला. भूपेश म्हणे, "काका, शेवाळ असंन. थोडं पाणी बदला, खाणं थोडं कमी करा." आता खाणीतल्या खलाश्याले "थोडं" हा शब्दच ठाऊक नाई. पाण्यात काई वाईट दिसलं की उपसा अन् फेका! एक दिवसाआड पाणी बदलाले लागला. फिल्टरमधी पाण्यातली घाण शोषून घेणारं औषध दुप्पट टाकलं. मासोळ्यायले तीन दिवसातून एकदा खाणं. हातात रबरी मोजे घालून, दात घासाच्या ब्रशानं, एक एक दगड घासे. वैनीचा दगडही. जितकं घासे तितका शेंबूड दुप्पट होऊन ये. गोगलगाई मेल्या. फुलं मिटली ती मिटलीच, अन् कडेकडेनं गळाले लागली.

एक दिवस मी गेली तं भाऊ टाकीसमोर स्टुलावर बसला होता, ब्रश हातात. मले म्हणे, "कुंते, हा दगड गेला तं मी टाकी रिकामी करतो. मंग या घरात पाहाचं तरी काय?"

माह्या भावाले मी असं बोलतानी कधी ऐकलं नव्हतं.

उर्वशी म्हणे, "मामा, थोडा शेंबूड द्या मले." लॅबमधल्या बारक्या डबीत घेऊन गेली. दुपारी तिचा फोन आला, आम्ही दोघं स्कुटीवर लॅबमध्ये. मायक्रोस्कोपले डोळा लावला अन् मी उडालीच. पाण्याच्या थेंबात जवसाच्या दाण्यासारखे बारीक जीव, एका टोकानं बांधल्यावाणी, जागच्या जागी गरगर फिरून राह्यले. मळणीत मेढीभोवती बैल फिरते ना, तसेच. उर्वशीनं त्याचा व्हिडिओ भूपेशले पाठवला. त्यानं सांगतलं, हे शेवाळ नोहोयच, हे डायनोफ्लॅजेलेट. त्याच्या धंद्यात त्यायले नुसतं डायनो म्हणतात. अन् म्हणे, पाण्याची तपासणी करून आकडे सांगा.

भाऊनं घरी येऊन तपासणीच्या काचेच्या नळ्या काढल्या. नायट्रेट शून्य. फॉस्फेट शून्य. तेव्हा किती खूश झाला माहीत आहे! "पाह्य कुंते, झिरो. एवढं साफ पाणी नागपुरात कोणाकडे नसंन."

"झिरो म्हणजे काय?"

"म्हणजे पाण्यात घाण नाई. काईच नाई."

"काईच नाई?" मी म्हणलं. "बापा, मंग ते पाणी उपाशी आहे!"

शब्द तोंडातून गेला अन् मी एकदम आमच्या गावच्या बोडीच्या, लहान्या तळ्याच्या, पाळीवर जाऊन उभी राह्यली. आमचं गाव मार्कंड्यापासून चार कोस. आमचे बाबा, नानाजी नाव त्यायचं, दर साली बोडीत मासोळीचं जिरं, म्हणजे बारीक पिल्लं, सोडत. पण सोडाच्या आधी आम्हा दोघायले घेऊन पाळीवर जात, वाकून कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवत अन् पाहात. बुडवलेला तळहात वरून दिसला की म्हणत, "उपाशी आहे. ह्यात जिरं टाकलं तं आठ दिवसात मरंन. आधी पाण्याले जेवू घाला." मंग शेणाच्या टोपल्या. मी दोन्ही हातानं शेण फेको, फ्रॉक भरे, माय मारे. अन् हा आमचा इसरू टोपलीचा काठ दोन बोटांनी धरून, तोंड वाकडं करून! बाबा त्याले म्हणत, "तू मासोळ्या धराच्या लायकीचा नाई, तू हापशावर नोकरी कर." अन् खरंच तशीच केली. पंधरा-वीस दिवसांनी बोडी हिरवी होई, हात बुडवला की कोपराखाली दिसत नसे, अन् बाबायच्या तोंडावर तेव्हा जे समाधान ये, ते पाहाले आता मी काईही देईन.

हे सारं मी भावाले आठवून देल्लं. पण तो कोणाचं ऐकणारा!

"ते बोडीचं गोडं पाणी, हे समुद्राचं. तू आता ह्यात शेण टाकशीन का?"

"शेण नोको टाकू, पण खाले तं घाल! उपाशी पाण्यात हे दळभद्रीच तेवढे जगतात, दिसून नाई राह्यलं तुले?"

"चौतीस वर्षं पाणी सांभाळलं मी. तू मले शिकवतं?"

"सांभाळलं नाई, फेकलं!" मी म्हणलं. "पाणी कोणाले म्हणते हेच तुले माहीत नाई."

तिसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन गेली तं भूपेशचा फोन चालू होता, स्पीकरवर. "काका, झिरो झाल्यानंच डायनो माजले. बाकीचे बारीक जीव उपाशी मेले, जागा मोकळी झाली, अन् हे पसरले. आता पाणी बदलणं बंद. ते शोषणारं औषध काढा. खाणं वाढवा." भाऊनं माह्याकडे पाह्यलं नाई. नुसतं म्हणे, "घे. झालं तुझ्या मनासारखं." मी मनात बाबायले हात जोडले.

मंग सुरू झाला वनवास. पहिले तीन दिवस टाकीचे लाइट बंद अन् टाकी माह्या काळ्या घोंगड्यात गुंडाळलेली, काऊन की डायनोले उजेड लागते. पाणी फिरते त्या नळीत जंतू मारणारा दिवा बसवला. भूपेशनं नायट्रेटची, म्हणजे पाण्याच्या खुराकाची, बाटली पाठवली, रोज सकाळी मोजून थेंब टाकाचे. अन् आपल्या जुन्या टाकीतली ओंजळभर रेती पाठवली, तिच्यात सुईच्या टोकाएवढे जिवंत किडे. भाऊनं ती पिशवी हुंगली अन् तोंड असं केलं की मले साठीतही हसू आवरलं नाई. "टाक रे," म्हणलं, "टोपलीच समज."

सर्वात अवघड काय होतं? काईच न करणं. त्या माणसाचे हात सळसळत. शेंबूड दिसला की ब्रशाकडे जात. मी ब्रश घरी घेऊन गेली. साय दोनदा कमी होऊन दोनदा परत आली, अन् दोन्ही वेळा भाऊनं मले शिव्या घातल्या. काचेवर हिरवट धुरकट थर आला, तो पाहून त्याले अन्न गोड लागे ना. आधी तरी कुठी लागत होतं! मी म्हणलं, "टाकी जेवली की तूही जेवाचं, नाईतं मी येत नाई." चिडचिड करत माह्यासमोर बसून भात खाई. वैनीचा दगड मातर रोज जास्त पांढरा दिसे. आम्ही दोघंही तिकडे पाहाचं टाळत होतो.

सात आठवडे गेले. एका सकाळी फोन आला. "ये." बस, एवढंच.

मी चपला उलट्यासुलट्या घालून पळाली. टाकीत शेंबडाचा पत्ता नाई. मासोळ्या खालीवर करून राह्यल्या. अन् त्या दगडावर, चाळीसातली दोन फुलं उघडी. दोनच. जांभळी, मधात हिरवा ठिपका.

मले वाटलं भाऊ खूश होईन. तो खाली जमिनीवर बसला होता.

"मीच घासत होतो तिच्या फुलायले, कुंते," म्हणे. "भल्याचं म्हणून घासत होतो." मंग म्हणे, "कमळानं शेवटच्या महिन्यात वाळल्या झिंग्याची चटणी मांगतली होती. डॉक्टरनं मीठ बंद केलतं. म्हणे, बोटभर चाटते, जास्त नाई. मी नाई देल्ली. वरून रागावलो. पंधरा दिवसांनी गेली. उपाशी धाडलं मी तिले."

मी त्याच्याजवळ बसली. तीन वर्षं जे तोंडाशी आणून गिळत होती, ते त्या दिवशी गिळता आलं नाई.

"भाऊ, मी देल्ली होती."

त्यानं मान वर केली.

"तू औषधाले चंदरपूरले गेलता त्या दिवशी. डबीत लपवून आणली होती मी. तुले सांगतलं नाई. तुले वाटलं असतं, मीच मारलं तिले. मलेई वाटत होतं. आजही वाटते."

आता हा मले घराबाहेर काढते, मी मनाची तयारी केली. तो म्हणे, "लसूण टाकला होता?"

"टाकला होता."

"भातासंग खाल्ली?"

"भातासंग. दोनदा मांगून घेतली."

"दोनदा?"

"हो."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वैनी गेली तेव्हा हा माणूस रडला नव्हता, घर धुवत बसला होता. आता मोठ्यानं रडाले लागला, लहान पोरावाणी, अन् रडता रडता परत परत तेच विचारे, "दोनदा मांगतली?" अन् मी परत परत सांगे, "हो भाऊ, दोनदा."