म्होरकीची घोडी

आमच्या रायडिंग क्लबातली सामानाची खोली आठवली की मला आजही शिसारी येते. घोड्याच्या तोंडात जी लोखंडी कांडी आडवी घालतात, तिला तिथं सगळे बिट म्हणायचे. बिटासकट सगळे लगाम खिळ्यांना टांगलेले असायचे. आदल्या दिवसाचा फेस त्यांवर वाळून हिरवट पापुद्रा धरलेला, त्यात चघळलेल्या गवताच्या काड्या. एका घोड्याच्या तोंडातून निघालेलं बिट तसंच दुसऱ्याच्या तोंडात जायचं. ते धुवायचं कुणाच्या बापाला सुचलं नाही. त्याच भिंतीला टेकून पोरांच्या आया डबे उघडायच्या आणि पोरांना बजावायच्या, ‘हात धुतल्याबिगर खाऊ नका रे.’

लिदीची मला कधी घाण वाटली नाही. लीद म्हणजे शेवटी गवतच.

मी तेव्हा नववीत होते. उद्यमनगरात पप्पांचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान. क्लबची फाटकी खोगिरं ते शिवून द्यायचे आणि त्या बदल्यात मला सुट्टीच्या दिवशी घोड्यावर बसायला मिळायचं. बाकीची पोरं मोठ्या घरची, गाडीतून उतरायची, प्रत्येकाचं हेल्मेट स्वतःचं. माझं क्लबचं. आतल्या पट्टीला साऱ्या गावाच्या घामाचा वास यायचा.

माझ्या वाट्याला नेहमी एकच घोडी यायची, कारण ती दुसऱ्या कुणाला नको असायची. बुटकी, तांबूस, पोट सुटलेली. क्लबात यायच्या आधी ती वरातीत नाचायची. म्हणजे काय, तर तिच्या तोंडात काटेरी लगाम असायचा. तो खेचला की काटे जिभेत रुततात आणि घोडं कळवळून पुढचे पाय उचलतं. ह्यालाच आपल्याकडे नाच म्हणतात आणि त्यापुढे नवऱ्याचे मित्र शर्ट काढून नाचतात. तिच्या जिभेवर आडवी खाच होती. जखम भरून आली होती, पण बोट फिरवलं की लागायची.

साहजिकच तिला बिट नुसतं दिसलं तरी ती मान आभाळात टाकायची आणि दात आवळून धरायची. मग आमचे शिकवणारे सर तिचा कान पिळायचे. दोघं-तिघं मानेला लटकायचे. लोखंड दातांवर आपटायचं, एकदा, पुन्हा एकदा, आणि तो आवाज माझ्या कानशिलात जायचा. शेवटी बिट आत गेलं की सर हाताची लाळ पँटला पुसत म्हणायचे, “जमलं! बघितलासा न्हवं, कसं घालायचं?” हे आमचं शिक्षण.

एकदा मोबाईलवर मला परदेशातल्या पोरी दिसल्या. त्या बिनबिटाच्या लगामावर घोडी पळवत होत्या. तोंडात काहीच नाही. नाकावरून एक पट्टा, हनुवटीखालून दुसरा आणि हातातल्या दोऱ्या गालाजवळच्या कड्यांना. मी पप्पांना दाखवलं. पप्पा घोड्याला इतके भ्यायचे की टेप माझ्या हातात देऊन ते कठड्याबाहेरूनच ओरडत राहिले, “नाकाचा घेर सांग! कानामागचं सांग! आणि लांब हो, चावंल ती!” भंगारातल्या गाडीचा सीटबेल्ट त्यांनी पट्ट्याला वापरला, आतून सीटचा मऊ फोम लावला. पहिला घट्ट झाला आणि तिच्या नाकावरचे केस गेले. दुसरा कानावरून घसरला. तिसरा बसला.

तो घेऊन मी गेले की घोडी आपणहून नाक पुढे करायची. दोरी जराशी आवळली की थांबायची. घोडीला कान पिळल्याशिवाय तयार करता येतं हे त्या क्लबात पहिल्यांदा दिसलं, आणि कुणाला त्याचं कौतुक नव्हतं. तो पट्टा दिसायचा बैलाच्या तोंडाला बांधतात त्या म्होरकीसारखा, म्हणून पोरं मला बघून जीभ टाळ्याला लावून ‘ट्टक ट्टक’ करायची, बैल हाकल्यासारखं. सर म्हणायचे, “तोंडात लोखंड न्हाय ते घोडं म्हंजे बिनब्रेकची गाडी. घोडामैदान जवळच हाय, कळंल.”

क्लबचे अध्यक्ष तर तिच्यावर खारच खाऊन होते. म्होरकीवाली घोडी क्लबची शोभा घालवते, असं त्यांचं म्हणणं. राधानगरीकडे माझ्या काकांची शेती आहे. पप्पांनी धीर करून विचारलं, “साहेब, आम्ही न्हिऊ का तिला?” अध्यक्ष हसले. “न्या की! गॅदरिंग झालं की दुसऱ्या दिवशी न्या. आमची वैरण तरी वाचंल.” काकांनी गोठ्याचा एक कोपरा झाडून ठेवला. गॅदरिंग एकदाचं होऊन जावं आणि तिच्या तोंडात पुन्हा कधी लोखंड जाऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

गॅदरिंगला कुणी मोठे पावणे येणार होते. अध्यक्षांची लहानगी नात नऊवारी नेसून, नाकात नथ घालून, घोड्यावरून येऊन त्यांना बुके देणार होती. त्यासाठी सर्वांत गरीब घोडी पाहिजे होती, आणि सर्वांत गरीब होती आमचीच. सकाळी अध्यक्ष बघायला आले आणि त्यांचं डोकं फिरलं.

“ह्ये काय? घोडं हाय का बैल हाय? फोटो निघणार हायत. काढा ती म्होरकी, पितळी लगाम घाला.”

“साहेब, ती गरीब हाय ती म्होरकीमुळंच,” मी म्हणाले.

“तू गप ग. पोरीच्या जातीनं मधी बोलू नये.” ज्या क्लबाच्या फलकावर घोड्यांवर रंगवलेल्यांत निम्म्या पोरीच होत्या, त्याचे हे अध्यक्ष.

सरांनी मला बाजूला घेतलं. “तू घाल बिट. तुझं ऐकती ती.”

“मी न्हाय घालत.”

“बरं. मग माझं बघ.” त्यांनी स्वयंपाकाच्या मांडवातून वाटीभर काकवी आणली आणि बिट त्यात बुडवलं. काकवी खाली ओघळत होती, तिच्यावर माश्या बसत होत्या. घोडीनं वास घेतला. थोडा वेळ मान वरच धरली. मग जीभ बाहेर काढून तिनं चाटलं, आणि तेवढ्यात सरांनी लोखंड आत सारून पट्टा आवळला. नंतर त्यांनी आपली बोटं एकेक करून चोखली. त्याच बोटांना तिची लाळ होती. एवढं ओंगळ मी माणसाला करताना पाहिलं नव्हतं.

मैदानावर डॉल्बी लागला तशी अध्यक्षांची नात घाबरली. घाबरलेलं पोर दुसरं काय करणार? हातात होतं ते तिनं दोन्ही हातांनी ओढलं. घोडीनं पुढचे पाय उचलले. पोरगी किंचाळली आणि आणखी ओढायला लागली. घोडी पुन्हा उठली.

“नाचतीया! आयला, नाचतीया!” कुणीतरी ओरडलं. झालं. डॉल्बीवाल्यानं वरातीचं गाणं लावलं. माणसं खुर्च्यांवर चढली, मोबाईल वर गेले, शिट्ट्या सुरू झाल्या. पावणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. माईकवरचा माणूस म्हणत होता, “आपल्या क्लबची शान! जोरात टाळ्या!” त्या घोडीच्या डोळ्यांचं पांढरं दिसत होतं, आणि हे लोक तिला ताल धरून दाखवत होते.

मी धावले. गालाजवळचा पट्टा धरला, ओढून पोरीला खाली घेतलं. फेस गुलाबी झाला होता. “रक्त येतंय तिच्या तोंडातनं!” मी ओरडले. “डोळे फुटलेत का तुमचे? रक्त येतंय!”

पुढच्या रांगेतल्या जरीच्या साडीतल्या एक काकू मान तिरकी करून बघत म्हणाल्या, “अगंबाई, पान खाल्ल्यागत दिसतंय की!” आणि ती सगळी रांग हसली. मी खूप शिव्या ऐकल्या आहेत, पण त्या हसण्याइतकं घाण काही ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पप्पा छोटा टेम्पो घेऊन आले. मी सीटबेल्टची म्होरकी घेऊन मागे बसले होते. अध्यक्ष खुर्चीत बसून चहात खारी बुडवत होते आणि समोरच्या दोघांना मोबाईलवर कालचा व्हिडिओ दाखवत होते.

“साहेब, घोडी न्यायला आलोय,” पप्पा म्हणाले.

“कुठली घोडी?”

“तुम्ही म्हणला हुता. गॅदरिंग झालं की न्या.”

“आरं, तवा म्हणलो हुतो.” खारीचा भिजलेला तुकडा कपात पडला, तो त्यांनी बोटानं काढून खाल्ला. “सकाळधरनं फोनवर फोन येतायत. लग्नाला घोडी द्या म्हणून. आता कशी देणार? आता ती नाचती.”

पप्पा तिथून वळले. ज्या माणसानं माप घ्यायला कठडा ओलांडला नव्हता, तो आत पागेत गेला आणि घोडीपुढे उभा राहिला. तिनं मान वर टाकली आणि दात आवळले. पप्पांच्या हातात काहीही नव्हतं. मी म्होरकी पुढे केली, तर ती भिंतीपर्यंत मागे सरकली.

बाहेर आलो तेव्हा अध्यक्ष खुशीत होते. “बरं झालं आलासा. तिला एक झालरीचं खोगीर शिवून द्या. मखमलीचं, चांगलं भरजरी. लग्नात उठून दिसलं पायजे.”

“शिवणार न्हाय,” पप्पा म्हणाले. आल्या गिऱ्हाइकाला त्यांनी नाही म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

“नका शिवू. कोल्हापुरात शिवणाऱ्यांना काय तोटा हाय व्हय?” असं म्हणून त्यांनी व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला आणि आवाज मोठा केला. शिट्ट्या होत्या, गाणं होतं, टाळ्या होत्या. टेम्पोत चढेपर्यंत मी ऐकत राहिले. माझं ओरडणं त्यात नव्हतं. तेवढं त्यांनी कापून टाकलं होतं.