खिशातला प्लग

चादरीचे एक टोक मी दोरीवर चिमट्याने अडकवले होते, दुसरे पिळून हातात धरले होते, तेवढ्यात धारवाला गवताच्या मशीनचे पाते घेऊन मागच्या दाराने अंगणात आला. अर्ध्या तासात देतो म्हणाला होता, आला अडीच तासांनी.

"या महाराज," भाऊजी म्हणाले. "पात्याला धार लावायला दिलं होतं, बाळसं धरायला नव्हे."

"आधी धार बघा, मग तोंड सोडा," असे म्हणून तो पाते पायरीवर ठेवून चालता झाला.

त्या अडीच तासांनीच सगळा घोळ केला. रोज वहीत चार ओळी लिहिते, आज जरा जास्त लिहिते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. शाळेच्या मैदानावरचे गवत गेली सत्तावीस वर्षे तेच कापतात. मुले त्यांना घुर्रमामा म्हणतात, आणि मुलांचे काही चुकत नाही. मशीन बंद असले तरी यांचा घसा चालू असतो. लग्न केले नाही. कोणी विषय काढला की म्हणतात, "धूर सोडणारं एक आहे पदरात, तेवढं पुरे."

आमच्या ह्यांचे उजवे अंग लुळे पडून चार वर्षे झाली. तेव्हापासून ह्यांची दाढी भाऊजी करतात, सदऱ्याची बटणे तेच लावतात, सकाळ-संध्याकाळ उचलून खुर्चीत तेच बसवतात. ते वजन मला झेपत नाही. घराचा गाडा त्या दोन हातांवर चालला आहे. जपाला बसते तेव्हा मागणे एकच असते, की देवा, बाकी काय व्हायचे ते होवो, या माणसाचे हात धड ठेव.

महिन्यातून एकदा गवत कापायचे ते मशीन देखभालीसाठी आमच्या अंगणात येते. भाऊजींचा क्रम ठरलेला. पाच मिनिटे चालवून ऑइल पातळ करायचे, मग बंद करायचे. लगेच इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढून सदऱ्याच्या डाव्या खिशात टाकायचा. मग मशीन कलते करायचे, तेही हवेची गाळणी वर राहील अशाच बाजूला. नाहीतर ऑइल गाळणीत उतरते आणि मशीन दिवसभर विडी ओढल्यासारखे धुरकटत बसते. पाते, साफसफाई, ऑइल सगळे उरकले, की प्लग सर्वांत शेवटी.

मशीन जुने आहे. नव्या मशीनना दांडा सोडला की इंजिन आपोआप बंद पडते, याला ती सोय नाही, आणि बंद करायचा खटका कधी ऐकतो, कधी नाही. पाते हाताने फिरवले की आतले इंजिनही फिरते, आणि प्लग जागेवर असेल तर एखाद्या वेळी पेट घेते. भाऊजींच्या गुरूंची तीन बोटे अशीच गेली. म्हणून पात्याखाली हात घालण्याआधी भाऊजी खिसा चाचपतात. "मशीनची जीभ माझ्या खिशात आहे," म्हणतात. आणि हात आत असताना त्यांना कोणी हाक मारायची नाही, हा घरातला कायदा. एकदा मी चहाला हाक मारली तर दोन दिवस बोलले नव्हते.

आज क्रम मोडला. उद्या मैदानावर सामने, मुख्याध्यापकांचे सकाळपासून दोन फोन. पाते येईना, म्हणून भाऊजींनी वाट बघता बघता बाकीचे उरकले. ऑइल बदलले, गाळणी झटकली, पेट्रोल भरले. डबीतून नवा प्लग काढून घट्ट बसवला, त्यावर वायरची टोपीही दाबली. मी बादली भरत होते, माझ्यासमोरच. जुना प्लग मात्र सकाळी खिशात टाकलेला, तो खिशातच राहिला.

धारवाला गेला. भाऊजींनी मशीन कलते केले. डाव्या हाताने खिसा चाचपला. प्लग होता. त्यांनी हात आत घातला.

मी चादरीचे दुसरे टोक दोरीवर टाकत होते. तिथून मशीनचे नाक, म्हणजे प्लगची जागा, दिसत होते, आणि नाकावर वायरची ती काळी टोपी.

आधी वाटले, माझीच नजर चुकली. सत्तावीस वर्षे काम करणाऱ्याला मी काय शिकवणार? पाते बसले, पान्याने बोल्ट आवळला. आता ते पाते एक फेरी फिरवून बघणार, कुठे घासते का म्हणून. दर महिन्याला बघतात. पाते अर्धे फिरले आणि अडले. "घासतंय कुठंतरी," ते स्वतःशीच पुटपुटले. घासले की काय करतात ते मला पाठ आहे, तळहाताने जोर देऊन एक ढकल.

ओरडावे तर दचकतील, आणि त्या दचक्यानेच पाते फिरेल. गप्प बसावे तर... चादर चिखलात पडली. मनात देवाचे नाव घेतले आणि मीठ कुठे ठेवले विचारावे तशा आवाजात म्हणाले, "भाऊजी, नवा प्लग कुठंय हो?"

"वहिनी, हात आत असताना बोलू नका म्हणून किती वेळा..."

"कुठंय?"

"खिशात आहे की."

"खिशातला सकाळचा काळा आहे. नवा तुम्ही माझ्यासमोर बसवलात."

त्यांनी मान वळवली, टोपी पाहिली. हात हलला नाही. मग पाते एकदम न सोडता, रडून झोपलेले मूल खाली ठेवावे तसे त्यांनी ते हळूहळू मागे येऊ दिले. एकेक बोट काढले. टोपी उपसली आणि मातीतच बसले. मीही त्यांच्यासमोर बसले.

खिडकीतून ह्यांचा आवाज आला, "काय रे, काय झालं?"

"काही नाही, दादा. वहिनींची चादर पडली."

तेवढ्यात मुख्याध्यापकांचा तिसरा फोन वाजला. भाऊजींनी उचलला नाही. समोर हात धरून बघत राहिले.

मी म्हणाले, "पाणी देऊ? मग सावकाश करा. चारपर्यंत होईल."

"होईल. पण आज खिसा चाचपून मी स्वतःलाच फसवलं, वहिनी. आज या हातावर माझा भरवसा नाही. मशीन आज चालायचं नाही."

"आणि उद्याचे सामने?"

"खेळतील गवतात. चेंडू जरा सुस्त पळेल."

"साहेब चिडतील."

"चिडू देत. फोनवर नको, तोंडावर सांगतो."

नळावर हात धुऊन ते शाळेत गेले, आज मैदानावरचे गवत कापणार नाही हे मुख्याध्यापकांना सांगायला.