मुराळ्याच्या गाडीचं चाक

बहिणीला आणायला गेलो तेव्हा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर होती. तिच्या सासरचं गाव शिंदखेड्याच्या पुढचं. आखाजीला भाऊ मुराळी म्हणून दारात आला की सासरचे नाही म्हणत नाहीत. म्हटलं तर गाव वर्षभर बोलतं. आमच्याकडे एवढी एकच वाट होती. तिला तिथून कायमचं आणायचं हे घरात ठरलं होतं. तिकडे मात्र सणाला नेतो एवढंच सांगायचं होतं. त्यांना ते कळलं असावं. तोंडावर कोणी काही बोललं नाही.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिचं मनगट मोडलं. विहिरीवर पाय घसरला, असं सांगण्यात आलं. मागच्या दिवाळीपासून तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. त्याचं कारण कोणीच सांगितलं नाही. मी वर्तमानपत्रात काम करतो; अशा बातमीला आम्ही ‘किरकोळ कारणावरून’ असं लिहितो. चार ओळींची जागा असते.

तिच्या सासऱ्यांना सगळी गल्ली आबा म्हणते. त्यांनी मला जेवायला बसवलं. मुराळ्याला उपाशी पाठवत नाहीत. रस होता, खापरावरचे मांडे होते. तिचा नवरा पंगतीला बसला नाही. शेतात जाऊन येतो म्हणाला आणि उठला. बहीण आतबाहेर करत वाढत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

जेवण झालं. तिची एक पिशवी मी डिकीत ठेवली. ती बाहेर आली, सासूच्या पाया पडली आणि सरळ मागच्या सीटवर जाऊन बसली. दार तिनं स्वतः ओढून घेतलं. मी गाडीला वळसा घालून आलो तेव्हा मागचं डावं चाक जमिनीला टेकलेलं दिसलं.

टायरच्या बाजूला चीर होती. सरळ, बोटभर लांब. काट्यानं किंवा खिळ्यानं अशी चीर पडत नाही.

तिचा नवरा परत आला होता. गाडीपुढे त्यानं ट्रॅक्टर आणून लावला होता आणि त्याला टेकून तो तंबाखू मळत होता.

“काय व्हयनं?” आबांनी विचारलं. ते वाकले. त्यांनी चीर पाहिली, मुलाकडे पाहिलं आणि सरळ उभे राहिले. “पंक्चर शे,” ते जमलेल्या लोकांना म्हणाले.

“हो, पंक्चर,” मी म्हणालो.

स्टेपनी काढली, जॅक लावला. आबा म्हणाले, “सूनले उतरू दे. गाडी हलकी व्हई.” बोलणं चुकीचं नव्हतं. जॅकवरच्या गाडीत माणूस बसवून ठेवत नाहीत. मी काचेपाशी गेलो. तिनं हवेसाठी काच दोन बोटं खाली घेतली होती.

“उतर जरा. गाडी पडू शकते.”

“पडू दे,” ती म्हणाली. “उतरले तर मला परत बसू देणार नाहीत, दादा.”

ती उतरली नाही. मी स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवली, म्हणजे जॅक निसटलाच तर गाडी स्टेपनीवर बसेल. चाकाचे नट सुटले. चाक सुटलं नाही.

ही गाडी वडिलांची. रावेरकडच्या केळीच्या मळ्यात ती बरीच वर्षं खताच्या गोण्या वाहत होती आणि पावसाळाभर त्याच गोण्यांशेजारी शेडमध्ये उभी असायची. चाक ॲल्युमिनियमचं, ते ज्या हबवर बसतं ते लोखंडाचं. मधे खताचं मीठ आणि ओल. दोन्ही धातू एकमेकांना धरून बसले होते. मळ्यात पाण्याची पाळी चुकत नसे. चाकं काढून घासायचं कोणाला सुचलं नव्हतं.

मी चाकाला लाथा मारल्या. खाली बसून दोन्ही टाचांनी मारल्या. मग नट अर्धवट आवळले, स्टेपनी बाजूला काढली, गाडी खाली घेतली आणि ट्रॅक्टरपर्यंत जेवढी जागा होती तेवढ्यात झटक्यानं मागेपुढे केली. एरवी अशानं चाक सुटतं. गाडी पुन्हा वर घेतली, स्टेपनी खाली सरकवली. शेजारच्या एका गड्यानं घण आणला आणि टायरवर घाव घातले. रबर घण परत फेकत होतं. गाडी प्रत्येक घावाला हलत होती आणि आत ती पुढच्या सीटची पाठ धरून बसली होती. मनगटाचं वाकडं हाड मला काचेतून दिसत होतं.

ऊन डोक्यावर होतं. घण हातातून घसरायला लागला तसा गडी थांबला.

“पेपरवालास्नी गाडी पेपरवर चालस का?” नवरा हसून म्हणाला. “राहू द्या, पाव्हना. आज मुक्काम करा. सकायले दखू.”

सकाळपर्यंत थांबलं तर रात्री त्या घरात काय होईल, हे गाडीतल्या माणसाला आणि मला माहीत होतं. आबांनाही माहीत असावं. ते ओट्यावर जाऊन बसले.

समोरच्या कडुलिंबाला झोका बांधलेला होता. गल्लीतल्या सासरी गेलेल्या लेकी सणाला माहेरी आल्या होत्या आणि झोक्याभोवती जमल्या होत्या. डोक्यावर पदर नाही, कामाची घाई नाही. या दिवसांत या लेकी गल्लीतल्या कोणालाही काहीही बोलू शकतात. पुरुषानं ते हसून ऐकायचं असतं. उलट बोलला तर त्याचंच हसं होतं. हात उचलला तर गल्लीतला प्रत्येक बाप, प्रत्येक भाऊ समोर उभा राहतो.

झोक्यावर बसलेली थोराड अंगाची बाई पायानं झोका थांबवत ओरडली, “काय रे भो! बायकोवर हात चालस, चाकवर नही चालत का?”

सगळ्या हसल्या. नवराही हसला. तसं हसावंच लागतं.

“चाक रडत नही ना,” दुसरी म्हणाली. “मंग मारानी मजा कशी येई?”

“त्याले घण नका देवा वं! नाजूक हात शे त्याना.”

“मऊ जागा दखीसन मारस तो!” थोराड बाई म्हणाली. या वेळी कोणी हसलं नाही.

त्यानं तंबाखू टाकली. गड्याच्या हातातून घण हिसकावला. मी बाजूला झालो आणि तिच्या काचेपाशी उभा राहिलो. पहिला घाव रिमवर बसला. ॲल्युमिनियमचा तुकडा उडून ओट्याच्या पायरीवर वाजला. “रिमवर नको, टायरवर,” मी म्हणालो. त्याला ऐकू गेलं नाही. दुसरा घाव, तिसरा. गाडीचा पत्रा थरथरत होता. तो शिव्या देत नव्हता. तोंड घट्ट मिटलेलं होतं, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. चाकाच्या जागी माणूस असता तर जगला नसता.

बहिणीनं मागे वळून पाहिलं नव्हतं.

“आता तो मारतोय,” ती म्हणाली.

मी काचेकडे वाकलो.

“आधी श्वास घेतो,” ती म्हणाली. “मग मारतो.”

त्यानंतर मलाही तो श्वास ऐकू यायला लागला. नाकानं ओढलेला, लांब. आणि मग घाव. प्रत्येक श्वासाला तिची मान खांद्यात जात होती, घाव बसायच्या आधी.

चाक सुटलं तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला. चाक बाहेर आलं, जॅक तिरपा झाला आणि गाडी धाडकन स्टेपनीवर बसली. तिचं कपाळ खिडकीच्या चौकटीवर आदळलं. बायका किंचाळल्या. भुवईवरून रक्ताची धार गालावर आली. तिनं पदर कपाळाला लावला आणि होती तशीच बसून राहिली.

तो दाराशी आला. घण हातातच होता. त्यानं दार उघडलं.

“उतर,” तो म्हणाला.

ती उतरली नाही.

“उतर म्हनस ना तुले!”

मी त्याचा दंड धरला. त्यानं कोपर मारलं. ते माझ्या तोंडावर बसलं आणि मी मागच्या चाकाच्या उघड्या हबवर पडलो. उठेपर्यंत पलीकडचं दार उघडल्याचा आवाज आला. झोक्यावरची थोराड बाई गाडीत चढली, बहिणीशेजारी बसली आणि एक हात बहिणीभोवती टाकून तिनं दार लावून घेतलं.

“माले बी शिंदखेडालगून सोडी द्या,” ती म्हणाली. “बांगड्या भरन्या शेत.”

तो वाकून आत पाहत राहिला. आता बायकोला ओढायचं तर गल्लीच्या लेकीच्या हाताला हात घालावा लागणार होता. बाकीच्या बायका झोका सोडून गाडीपाशी आल्या होत्या. त्यातल्या एकीच्या कडेवर मूल होतं.

“बस कर,” आबा म्हणाले. ते ओट्यावरून उतरले, मुलाच्या हातातून घण काढून घेतला आणि ट्रॅक्टरचा जॅक घेऊन आले. त्यांनी स्वतः गाडी उचलली, स्टेपनी बाहेर ओढली, बसवली, नट आवळले. प्रत्येक नट दोनदा पाहिला. सुटलेलं चाकही त्यांनी उचलून डिकीत ठेवलं, चिरेची बाजू खाली करून.

मी गाडी उलटी घेत गल्लीबाहेर काढली.

शिंदखेड्यात ती बाई उतरली. मी तिला परत सोडायला वळणार होतो. “मी बसवर जासू,” ती म्हणाली. मग खिडकीतून हात घालून तिनं बहिणीचा गाल दाबला. “सुखमा ऱ्हायजो, बाई.” तिच्या स्वतःच्या सासरचं काही मी विचारलं नाही.

धुळ्याच्या अलीकडे पेट्रोल पंपावर थांबलो. बहीण पहिल्यांदा गाडीतून उतरली. नळाखाली तिनं तोंड धुतलं. माझा ओठ सुजला होता, तो पाहून ती म्हणाली, “दात हलतोय का?”

“नाही.”

“टायर त्यानं कापला,” ती म्हणाली. “विळ्यानं. मी चुलीपाशी होते. खिडकीतून दिसलं.”

“मला चीर दिसली होती.”

“मग बोलला नाहीस ते बरं केलंस. मीही तुला जेवताना सांगितलं नाही. तू त्याच्या अंगावर गेला असतास. मग मला मधे पडायला उतरावं लागलं असतं.”

तिनं पदर पिळला आणि परत येऊन बसली. या वेळी पुढच्या सीटवर, उजवा कान माझ्याकडे येईल म्हणून अंग वळवून.

आखाजी झाली. आठवड्यानं आबा एकटे पिंप्राळ्याला आमच्या घरी आले. पाणी प्यायले, चहा घेतला. “सूनबाई, चाल आते,” ते म्हणाले. तिच्या भुवईवरचे टाके अजून निघाले नव्हते. ती म्हणाली, “नाही, आबा.” त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

जाताना खाली गाडीपाशी ते थांबले. गाडी ठोकळ्यांवर होती. चारही चाकं काढून मी भिंतीला लावली होती आणि हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं घासत होतो. चिरलेला टायर तिथेच पडला होता, या वेळी चिरेची बाजू वर. आबांनी ते पाहिलं. मुलाबद्दल ते काही बोलतील असं मला वाटलं.

“मधे थोडं ग्रीस लाव,” ते म्हणाले आणि रिक्षा पाहायला रस्त्यावर गेले.