कपाच्या आत, कपाच्या बाहेर

हल्ली कुणाच्या घरी गेलो आणि त्यांचा फोन बंद असला, की मला जुने किस्से आठवायला लागतात आणि त्या घरची माणसं चहा टाकायच्या निमित्तानं एकेक करून उठतात. त्यांचा दोष नाही. पण हे किस्से मी काही जमवायला गेलो नव्हतो. लोणावळ्यात पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरते, तसे ते आपोआप धरले. दुसऱ्या महायुद्धाच्या, आमच्या भाषेत लढाईच्या, आधीपासून ती संपेपर्यंत मी तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो, आणि गावात सगळे मिळून पन्नासभरही फोन नव्हते.

फोन बंद पडल्याची तक्रार अर्थातच फोनवर येत नसे. ती चालत यायची. कधी गडी चिठ्ठी घेऊन यायचा, कधी मालक स्वतः छत्री आपटत यायचे. तक्रार मी वहीत लिहायची आणि आमचे लाइनमन धोंडूभाऊ यांनी शिडी खांद्यावर टाकून निघायचं. धोंडूभाऊ मावळातल्या वडिवळ्याचे, पन्नाशीला टेकलेले, बोलणं कमी आणि तेही तिरकस.

नियम सोपा होता. तार घरात शिरते तिथं भिंतीवर चिनी मातीचा पांढरा कप बसवलेला असे. खांबापासून त्या कपापर्यंत बिघाड झाला तर जबाबदारी ऑफिसची. कपाच्या आत झाला तर घरमालकाची. त्यानं पुण्याहून मिस्त्री आणावा, नाहीतर गप्प बसावं. आम्ही आत हात लावायचा नाही. लावला तर नोकरीवर गदा.

*

तुंगार्लीच्या एका शेठजींचा फोन बंद पडला. धोंडूभाऊ जाऊन बघतात तो वानरानं कपच फोडलेला. आता कप कुणाचा? शेठजी म्हणाले, कप भिंतीबाहेर दिसतो, तेव्हा तो ऑफिसचा. मी म्हणालो, कप तुमच्या भिंतीत रुतलाय. कुणीच मागे हटेना, म्हणून मी पुण्याच्या ऑफिसला पत्र टाकलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. कपाचा दर्शनी भाग कार्यालयाचा, भिंतीतला भाग मालकाचा. सबब वानराने नेमका कोणता भाग धरून ओढला, ते कळवावे!

मी लेखी कळवलं की सदर वानर चौकशीस हजर राहिले नाही. फोनचं म्हणाल तर तो चालूच होता. धोंडूभाऊंनी पहिल्याच दिवशी नवा कप बसवून टाकला होता, आणि माझं पत्र जाताना बघूनही मला त्याबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं.

*

दुसरे आमचे वकीलसाहेब. निवृत्त होऊन वलवण भागात राहायला आलेले. श्रावणात त्यांचा फोन गेला. वकीलसाहेब चार मुद्द्यांचा अर्ज घेऊन हजर. बिघाड बाहेरचाच आहे हे त्यांनी तिसऱ्या मुद्द्यापर्यंत सिद्धही केलं होतं.

धोंडूभाऊ गेले. बाहेर काही नाही. आत डोकावले तर दिवाणखान्यात फोनच्या तारेवर दोन धोतरं आणि एक बंडी वाळत घातलेली. लोणावळ्यात पावसाळ्याचे चार महिने कपडा वाळत नाही, त्यामुळे घरात जी दोरी दिसेल ती बायकांना आपली वाटते. ओल्या कपड्यांच्या वजनानं तार तुटली होती.

वकीलसाहेबांचा आवाज जरा उतरला, पण हार मानणं त्यांच्या रक्तात नव्हतं. म्हणाले, तारेवर कपडे घालू नयेत अशी सूचना ऑफिसनं दिली होती का?

धोंडूभाऊंनी धोतरं काढून घडी केली, त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "साहेब, कपाभाईर पाऊस आमचा. कपाआत धोतार तुमचं."

*

रोज सकाळी नऊला मी प्रत्येक घरी एकदा घंटी वाजवायचो. तिकडून कुणीतरी फोन उचलून 'ठीक' म्हणायचं, मी वहीत 'ठीक' लिहायचो. लाइन जिवंत आहे हे कळायची तीच रीत होती.

एका मोठ्या बंगल्याचे मालक पावसाळ्यात मुंबईला जायचे आणि मागे माळी राहायचे, कुसगावचे शिरपाआबा. त्या बंगल्यात घंटी वाजायची, फोन उचलल्याचा आवाज यायचा, आणि मग काहीच नाही. मी वहीत बिघाड लिहायचो. धोंडूभाऊ भर पावसात तो चढ चढून जायचे, सगळं तपासायचे, परत यायचे. असं तीनदा झालं. तिसऱ्या दिवशी ते ठिबकत आत आले आणि म्हणाले, "बाबू, फोन चालूच हाय. शिरपाआबा बंद हाय."

झालं होतं असं, की मालकांच्या फोनमध्ये आपण चाकरानं तोंड घालणं आबांना बेअदबी वाटत होती. घंटी वाजली की ते पागोटं नीट करायचे, फोन उचलायचे, आदबीनं थोडा वेळ उभे राहायचे आणि खाली ठेवायचे. बोलायला ते कशानंच तयार होईनात. शेवटी धोंडूभाऊंनी तोड काढली. बोलायचं नाही ना, मग नुसतं खोकायचं. खोकायला परवानगी लागत नाही.

तेव्हापासून त्या बंगल्याची लाइन खोकल्यावर चालली. एक खोकला, की मी 'ठीक' लिहायचो. एका सकाळी मात्र खोकला थांबेचना. मी ऐकत राहिलो आणि मला काळजी वाटायला लागली. धोंडूभाऊंना म्हणालो, तार राहू द्या, आबांना बघून या. ते आबांना पाठीवर घेऊनच डॉक्टरांकडे गेले. न्युमोनिया होता. आबा वाचले.

त्या दिवशी वहीत काय लिहावं मला सुचेना. धोंडूभाऊ म्हणाले, "लिवा, कपाच्या आतला बिघाड. भाईरच्यांनी काडला."

*

त्याच डॉक्टरांचा किस्सा. मावळात पार पवनेच्या काठापर्यंत बाळंतपणं अडली की त्यांनाच बोलावणं यायचं. माणूस धावत कामशेत स्टेशन गाठायचा, तिथून कुणीतरी फोन लावायचा. एकदा डॉक्टरांचा फोन दुपारी मुका झाला. धोंडूभाऊंनी बाहेर सगळं तपासलं. बिघाड आत होता, फडताळाच्या मागे उंदरानं तार कुरतडली होती. नियमाप्रमाणे पुण्याचा मिस्त्री येईपर्यंत चार दिवस गेले असते.

धोंडूभाऊ परत आले, पेटीतला तारेचा तुकडा घेतला आणि निघाले. मी आडवा गेलो. म्हणालो, धोंडूभाऊ, आत हात लावाल तर एकोणीस वर्षांची नोकरी जाईल. ते म्हणाले, "बाबू, बाळंतीन अडलीया ती कपाच्या आत का भाईर, हे इचारून येऊ का तिला?"

मी बाजूला झालो. त्यानंतर ते कुणाच्या घरात काय जोडतात हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. वहीत मी 'ठीक' लिहीत गेलो. त्या लिहिण्याची मला अजून लाज वाटत नाही.

*

इतक्या वर्षांत तक्रारीमुळे धोंडूभाऊंच्या केसाला धक्का लागला नाही. लागायची वेळ आली ती कौतुकामुळे.

वकीलसाहेबांची तार पुन्हा तुटली, धोंडूभाऊंनी ती जोडून दिली. वकीलसाहेबांचं मन भरून आलं आणि त्यांनी पुण्याच्या ऑफिसला सुंदर अक्षरात आभाराचं पत्र लिहिलं. आपल्या लाइनमननं घरातील तारही आपुलकीनं जोडून दिली, अशी माणसं विरळा, वगैरे वगैरे. लढाईमुळे तार तेव्हा औषधालाही मिळत नव्हती. पत्र पोचलं आणि आठ दिवसांत चौकशीला इन्स्पेक्टर आले.

दिवाळी नुकतीच झाली होती. इन्स्पेक्टरसाहेब उंच, डोक्यावर हॅट, तोंडात निम्मं इंग्रजी, हसणं नाही. आणखी कुठल्या घरांत आतली तार जोडली आहे ते बघायला पुढे ते, मागे वही घेऊन मी, आणि माझ्या मागे धोंडूभाऊ. रस्त्यात धोंडूभाऊ हळूच म्हणाले की मी कबूल होऊन टाकतो, उगं तुमी अडकाल. मी त्यांचा दंड दाबला. या वयात त्यांना दुसरं काम कुणी दिलं नसतं, आणि तो माणूस मला वडिलांच्या जागी होता.

वकीलसाहेबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की तार आपण स्वतः जोडली, पत्रात लिहिताना 'लाइनमनच्या सल्ल्याने' एवढे शब्द राहून गेले. आयुष्यभर ज्यांनी शब्दाशब्दावर खटले चालवले, त्यांच्या तोंडून हे ऐकताना मला गहिवरून आलं. शिरपाआबांना विचारलं तर ते खोकले. दोन्हीकडे इन्स्पेक्टरसाहेबांनी जोड बोटानं चाचपून बघितला आणि पुढे निघाले.

तिसरं घर डॉक्टरांचं. डॉक्टर व्हिजिटला गेले होते, घरी त्यांच्या पत्नी माई होत्या. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, हात पिठाचे. इन्स्पेक्टरसाहेबांनी फडताळ सरकवायला लावलं, वाकून जोड बघितला आणि सरळ झाले.

"तिन्ही घरांत एकाच हाताचा जोड आहे. दोन पीळ आणि टोक खाली खोवलेलं. असा जोड आमच्या पुस्तकात नाही. कुणी केला?"

"मी केला," माई म्हणाल्या.

इन्स्पेक्टरसाहेबांनी खिशातून तारेचा तुकडा काढला, मधोमध तोडला आणि दोन्ही तुकडे माईंच्या पुढे धरले. "करून दाखवा."

धोंडूभाऊ दारातून पुढे सरकले. आता हा माणूस बोलणार, हे मला कळलं. तेवढ्यात माईंनी पदराला हात पुसले, तारेचे तुकडे घेतले आणि जमिनीवर बसल्या. एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं, दुसरं त्यावर आडवं घेतलं, दोन पीळ भरले आणि टोक खाली खोवून दिलं. मावळात भाताची पेंढी बांधतात, अगदी तसं. माईंचं माहेर कामशेतकडच्या शेतकऱ्याचं, ते मला तेव्हा आठवलं. धोंडूभाऊ आयुष्यभर तारेला पेंढीचीच गाठ मारत आले होते, हेही मला तेव्हाच समजलं.

इन्स्पेक्टरसाहेबांनी हॅट काढून फडताळावर ठेवली, माईंच्या समोर उकिडवे बसले आणि खोवलेलं टोक नखानं सोडवलं.

"टोक डावीकडनं खोवायचं, माई. उजवीकडनं खोवलं की झोडताना पेंढी सुटते."

त्यांनी ते स्वतः खोवलं, ओढून बघितलं आणि उठले. मला म्हणाले, लिहा, तिन्ही घरांत आतली तार घरच्यांनीच जोडली आहे, ऑफिसचा संबंध नाही. मी लिहिलं. अक्षर फार वाईट आलं.

पायरी उतरताना ते धोंडूभाऊंपाशी थांबले. धोंडूभाऊ टोपी हातात घेऊन खाली मान घालून उभे होते.

"कापनी झाली का तुमच्याकडं?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब," धोंडूभाऊ म्हणाले. "औंदा लय चांगलं आलंय भात."