माफी ड्रायव्हरला होती, सेठला नव्हती

पैठण दरवाजाजवळ सेठच्या लॉरीनं आमच्या गल्लीतल्या, हिमरूचं भरजरी कापड विणणाऱ्या चाचांचा डावा पाय चिरडला. निजामाचं राज्य होतं, मी विशीतला, पत्रकं लिहून वाटत हिंडणारा. विणकर माग पायानं चालवतो. चाचांचा माग त्याच दिवशी बंद पडला आणि त्यावर जगणारी चार माणसं उघड्यावर आली.

सेठ जिनिंगवाला, कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा मालक. स्वतः आला नाही, मुनीम पाठवला.

"लॉरी सेठची खरी, पण ड्रायव्हर त्या दिवशी स्वतःच्या कामाला गेलता. बहिणीकडं."

मी म्हणालो, "लॉरीत सरकीची पोती होती, मुनीमजी. बहिणीला सरकीचा आहेर करतेत व्हय तुमच्याकडं?"

गल्ली हसली. मुनीम निघून गेला, तो शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर परत आला. बरोबर ड्रायव्हर, आणि शहरातले दोन इभ्रतदार बुजुर्ग. ड्रायव्हर खाटेशी कोसळून रडला. "चाचा, गलती मेरी. जोर से चला रा था."

चाचांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "जा बेटा, मैं माफ कर दिया तेरेकू."

"ऐकलं ना सगळ्यांनी? मिटलं प्रकरण!" मुनीम ओरडला आणि खजूर वाटायला लागला. खजुराची टोपली घरूनच भरून आणली होती हरामखोरानं! दुसऱ्याच दिवशी सेठनं ड्रायव्हरला नोकरीवरून काढलं. माफी पदरात पडली, ड्रायव्हरचं काम संपलं होतं ना.

मी चाचांवर भडकलो. ते शांतपणे म्हणाले, "उसकू माफ करा मैं. सेठकू कब करा? दावा लगा."

अदालतीत आम्ही त्यांना खाटेसकट उचलून नेलं. सेठच्या वकिलानं गुळगुळीत उर्दूत सांगितलं, मुद्दईनं, म्हणजे दावा लावणाऱ्या चाचांनीच, माफ केलंय, बुजुर्ग साक्षीला आहेत. आणि मग आमच्या बाजूनं तो ड्रायव्हर उभा राहिला.

"हुजूर, गलती मेरीच है. मगर गाडी मुनीम साब भेजे थे. बोले, बाजार उठने के पहले पोते पहुंचा."

"नमकहराम!" मुनीम किंचाळला.

"नौकरी तुम छीन लिए, चाचा माफ कर दिए. अब मैं किससे डरूं?"

मुन्सिफांनी हुकूम दिला: गाडी सेठच्या कामावर होती, चाचांच्या घराचा खर्च सेठनं द्यावा, महिन्याच्या महिन्याला. बाहेर आल्यावर सेठ आमच्यावरच खेकसला, "अरे, मी तर लॉरीत नव्हतोच!" कापूस विकताना मात्र लॉरी ह्याची, फेरी ह्याची, नफा ह्याचा. चाकाखाली माणूस आला की हा लॉरीत नव्हता!

हुकूम झाला तरी मुनीम चाचांच्या सुनेला पेढीबाहेर उन्हात ताटकळत ठेवायचा. मग मी तिच्याबरोबर जायला लागलो. पेढीच्या दारात उभा राहून तो हुकूम मोठ्यानं वाचायचो, आतल्या गिऱ्हाइकांना अक्षर न् अक्षर ऐकू जाईल असा, आणि मुनीम पैसे घेऊन बाहेर येईपर्यंत वाचायचं थांबायचो नाही.