ॲटोमियमकडे पाठ

नेदरलँड्समधल्या रायस्वाइक गावातले आमचे शेजारी, कुणाचेही आईवडील भारतातून आले की त्यांना स्वतःच्या गाडीतून ब्रसेल्सला नेतात. तिथं जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं ॲटोमियम आहे, नऊ प्रचंड चकाकते गोळे. अंधार पडून त्यावरचे दिवे लागेपर्यंत ते कुणाला हलू देत नाहीत. "थांबा हो, आत्ता लागतील!" आणि लागले की स्वतः गोळ्यांकडे पाठ करून पाहुण्यांचे चेहरे बघत बसतात.

"तुम्ही नाही बघत?" मी एकदा विचारलं.

"बघतोय की!"

यंदा त्यांची स्वतःची आई आली, पहिल्यांदाच. मीही सोबत गेलो. दिवे लागले आणि हा माणूस एकटक गोळ्यांकडे! आता हे काय? मला काही कळेना. मी वळून आईंकडे पाहिलं.

त्या लेकाकडे बघत होत्या.